जुनी फियाट, घाटरस्ता आणि मागच्या सीटवरचा शेरू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९६९ ची फियाट डिलाइट दोन वर्षं खपून उभी केलीत. आता तिच्यातून पुण्याहून हायवे टाळून, भोर-वरंध मार्गे महाडजवळच्या गावी जायचंय, आणि सोबत अडीच वर्षांचा लॅब्रॅडॉर, शेरू. गाडीला एसी नाही, बेल्ट नाहीत. शेरूला कुठला बेल्ट घ्यावा आणि सीट खराब होऊ नये म्हणून कुठलं कव्हर घालावं, एवढं विचारलंय.

दोन्हीवर येतो, पण जरा वळसा घालून. साताऱ्याकडे माझं जुन्या गाड्यांचं गॅरेज आहे, एकतीस वर्षं झाली. त्यातली बावीस वर्षं माझ्या स्वतःच्या पद्मिनीत, म्हणजे फियाटच्याच नंतरच्या अवतारात, कोणी ना कोणी कुत्रं बसलेलं आहेच. आधी टिप्या होता, आता गुंडी आहे. एवढ्या काळात कुत्र्यांचे जे घोटाळे बघितले त्यातले बहुतेक गाडी पळत असताना झाले नाहीत, ती उभी राहिल्यावर झाले. आणि जुनी गाडी उभी राहतेच. थोडी तुमच्या मर्जीने, जास्त तिच्या. त्यामुळे बेल्ट घ्याच, पण खरी तयारी करायची ती गाडी बंद पडल्यानंतरच्या अर्ध्या तासाची.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. महिना कुठला, सोबत दुसरं माणूस आहे का, शेरू माकड दिसल्यावर काय करतो, आणि गाडीची नोंदणी कशी आहे. शेवटचं आधी उरकतो. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी घेता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मिरवायला झकास. पण त्या नोंदणीवर गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच मुभा आहे. कुत्र्याला घेऊन गावी जाणं त्यात बसत नाही. जुनाच नंबर नूतनीकरण करून चालू ठेवला असेल तर ही भानगड नाही. हौसेने ‘व्हीए’ घ्यायचा विचार असेल, तर आधी शेरूला विचारा.

आता बसायची जागा. मागे. यात माझ्याकडे दुसरं मत नाही, कारण आधी मीही पुढेच बसवायचो. आपल्या फियाटची पुढची सीट म्हणजे अखंड बाक, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली डाव्या हाताला. टिप्या माझ्या शेजारी ऐटीत बसायचा आणि चौकात लोक हसून बघायचे. मजा वाटायची. एकदा वरंध घाटच उतरत होतो, दुसऱ्या गिअरमध्ये. उजव्या कठड्यावर माकडांचं टोळकं. टिप्याने माझ्या खिडकीच्या दिशेने झेप घेतली, त्याचा खांदा दांड्याला लागला आणि गाडी न्यूट्रल. पंचवीस किलोचं कुत्रं मांडीवर, समोर वळण, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ते आधीच तापून वास मारायला लागलेले. थांबली गाडी. कशी थांबली ते विचारू नका. पण त्या दिवसानंतर पुढच्या सीटवर कुत्रं नाही. मोटार वाहन कायद्याचं १२५ वं कलमही हेच सांगतं, की चालकाच्या ताब्यात अडथळा येईल असं कुणाला बसवू नये आणि काही ठेवू नये. कलम नंतर कळलं, अक्कल त्याच दिवशी आली.

बेल्टचं आता सांगतो. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावून सीटला बांधणं हा बेल्ट नव्हे. करकचून ब्रेक लागला तर तो फास आहे. छातीवर बसणारा हार्नेस हवा, रुंद पट्ट्यांचा, आणि त्याची दोरी पाठीवरच्या कडीला. नवीन गाडीत ती दोरी सीटबेल्टच्या खाचेत अडकवता येते. आपल्या गाडीत खाचच नाही, म्हणून लोक दाराच्या हँडलला, नाहीतर सीटच्या स्प्रिंगला बांधतात. हिशेब करून बघा. तीस किलोचं कुत्रं, ताशी ५० चा वेग आणि गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर त्या दोरीवर सहाशे किलोच्या आसपास ओढ येते. दाराचं हँडल ती घेणार आहे का?

मी असं करतो. मागची सीट उचलून बाहेर काढायची. खालचा पत्रा तारेच्या ब्रशने घासून, पेचकसाच्या मुठीने ठोकून बघायचा. टण् वाजला तर ठीक, भद्द वाजला तर आधी पत्र्याचं काम. चांगल्या पत्र्यात भोक पाडून सीटबेल्टला वापरतात तोच ७/१६ इंची बोल्ट घालायचा, आणि पत्र्याच्या खालच्या बाजूने तळहाताएवढी, तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी. ही पट्टी महत्त्वाची. ती नसेल तर झटक्याला बोल्ट पत्रा फाडून वर येतो. भोकाला रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा रंग, लावायला विसरू नका, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथूनच सडायला सुरुवात. दोरीची लांबी इतकीच ठेवायची की शेरूला बसता, लोळता, वळता येईल, पण दोन पुढच्या माणसांच्या मधून तोंड घालता येणार नाही. बाजारात मिळणारे बरेच हुक चावीच्या रिंगच्या लायकीचे असतात. गिर्यारोहणाच्या दुकानातून चांगला कॅराबिनर, म्हणजे झडपेने बंद होणारा मजबूत हुक, घ्या. हे सगळं करूनही नवीन गाडीइतकी सुरक्षितता येत नाही. म्हणून शेरू मागे असताना मी म्हणेन चाळीस-पंचेचाळीसच्या वर जाऊ नका. त्या रस्त्यावर फियाटला त्याच्या वर काही काम नाही.

सीट बाहेर आहेच, तर आणखी एक गोष्ट बघून घ्या. रात्री गॅरेजचे दिवे बंद करून एका माणसाला गाडीखाली टॉर्च घेऊन झोपवा आणि तुम्ही आत बसा. मॅट काढलेल्या असू देत. जिथून उजेडाचा ठिपका आत येतो तिथून सायलेन्सरचा धूरही आत येतो. आपण खिडकीजवळ, वर बसतो. कुत्रं खाली, त्या भोकाला नाक लावून झोपतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना त्याला वास असतो, त्यामुळे कुत्र्याचं नाक कितीही तिखट असलं तरी इथे उपयोगाचं नाही. गुंगल्यासारखं पडलेलं कुत्रं बघून आपण म्हणतो, बघा कसं शांत झोपलंय. सायलेन्सरच्या पाइपाचे सांधे आणि इंजिनाकडचा गॅस्केटही त्याच वेळी तपासा. आणि अर्धा तास गाडी चालवून आल्यावर मागच्या पायाशी, पत्र्यावर तळहात टेकवून बघा. तुम्हाला हात ठेववत नसेल तर शेरूला पोट ठेववणार नाही. खाली जाड नमदा घालून वर मॅट टाकली की प्रश्न बराचसा मिटतो.

दारांचं. आपल्या गाड्यांना चाइल्ड लॉक नाही, आणि लॉकची जीभ पन्नास वर्षांत झिजलेली. खड्ड्यात आदळल्यावर मागचं दार आपोआप उघडलेली फियाट मी एकदा नाही, तीनदा दुरुस्त केली आहे. दार बंद करून बाहेरून गुडघ्याने दाबा. खडखड वाजलं तर लॉकची जागा सरकवून घ्या. तुमची डिलाइट आहे हे एका अर्थी बरंच. तिच्या आधीची, पन्नासच्या दशकातली डुक्कर फियाट असती तर पुढची दारं उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी. चालत्या गाडीत ते दार जरा सुटलं की वारा त्याला सताड उघडतो. दिसायला ती गाडी मला आजही सगळ्यात आवडते, पण तिच्यात कुत्रं न्यायचं तर मी दारं आतून दोरीने बांधून नेईन.

खिडकी चार बोटं उघडी, जास्त नाही. डोकं बाहेर काढलेल्या कुत्र्याचा फोटो छान येतो, मान्य. पण मागच्या रस्त्यांवर, विशेषतः दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की समोरून उसाच्या ट्रॉल्या येतात आणि त्यांचे वाढे दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर लोंबत असतात. उसाच्या पानाची धार माहीत असेल तुम्हाला. ते डोळ्यावरून गेलं तर काय होईल ते सांगायला नको. वारा हवा असेल तर पुढची तिकोनी काच आहे ना, ती पूर्ण उलटी फिरवा. वाऱ्याचा झोत थेट मागच्या सीटवर जातो. एसीशिवायच्या काळात लोकांना हे माहीत होतं, आता ती काच फक्त पुसली जाते.

पण वारा आहे तोवर आहे. गाडी थांबली की तो थांबतो, आणि इथून मी म्हणतो ती खरी गोष्ट सुरू होते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; पंजांना थोडा येतो, बाकी सगळा मदार धापा टाकण्यावर. हवेत दमटपणा वाढला की धापेचाही उपयोग कमी होतो, म्हणजे घाट उतरून कोकणात शिरल्यावर पारा तोच असला तरी शेरूला ते जड जाणार. बाहेर २४ अंश म्हणजे आपल्याला गुलाबी हवा. त्या हवेत उन्हात उभ्या बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंशांपर्यंत पारा जातो. काच बोटभर खाली ठेवून फार फरक पडत नाही. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ च्या घरात. ते ४१ च्या पुढे गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात. चपट्या नाकाचं पग किंवा बॉक्सर असतं तर मी तुम्हाला सरळ नाही म्हटलं असतं. लॅब नाकाने बरा, पण दाट केसांचा आणि बहुधा थोडा जाड. तुमचा जाड नसेल तर माफ करा, अजून सडपातळ लॅब माझ्या गॅरेजात आलेला नाही.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. तुम्ही गावाहून परत येताय. महाडकडून वरंधचा चढ, सकाळचे साडेदहा-अकरा. चढावर गाडीचा पेट्रोल पंप तापतो, पेट्रोलची पाइपातच वाफ होते, कार्बोरेटर कोरडा पडतो. बोलताना आपण एअर लॉक म्हणतो. इलाज सोपा आहे आणि तुम्हाला माहीतच असेल: बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं ठेवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. पण त्या वीस मिनिटांत तुमचे दोन्ही हात बॉनेटमध्ये, आणि शेरू उन्हात उभ्या गाडीत बेल्टला बांधलेला. दार उघडून मोकळा सोडलात तर एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला वळणावरून येणारी एसटी. म्हणून माझा नियम आहे: जुनी गाडी, घाट आणि कुत्रं, तिन्ही एकत्र असतील तर दुसरं माणूस हवंच. गाडी एकाने बघायची, कुत्रं एकाने. एकट्यालाच जायचं असेल तर शेरूला घरी ठेवा किंवा घाट टाळा. फार कडक वाटेल, पण यात मी सूट देत नाही.

थांबल्यावर क्रम ठरलेला हवा. आधी दोरी हातात, मग बेल्ट सोडायचा, मग दार. उलट क्रमाने लोक करतात आणि मग कुत्र्यामागे पळतात. दार नेहमी रस्त्याच्या उलट बाजूचं उघडायचं. मग झाडाखाली, गाडीपासून लांब. बंपरला बांधायचं नाही, कधीच नाही. गाडी सुरू झाल्याच्या आनंदात माणूस काय विसरेल सांगता येत नाही.

लांब बांधायचं आणखी एक कारण आहे. तुमच्या गाडीचं काम नुकतंच झालंय, म्हणजे रेडिएटरमध्ये साधं पाणी नसून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रसायन, भरलेलं असणार. तापलेला रेडिएटर जास्तीचं पाणी खाली ओततो आणि रस्त्यावर हिरवट किंवा लालसर थारोळं होतं. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोड लागतं, आणि ते कुत्र्याची किडनी निकामी करतं. पाच किलोच्या पॉमेरेनियन कुत्र्याला चार-पाच चमचे निव्वळ कूलंट जीव घ्यायला पुरतं. शेरूच्या आकाराला एक पेलाभर. टिप्याने माझ्याच गॅरेजात, मीच काढून ठेवलेल्या घमेल्यातलं चाटलं होतं. दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खायला लागला, आणि नशीब, की मी हसण्याऐवजी घमेल्याकडे बघितलं. तासाभरात डॉक्टरांच्या टेबलावर होता म्हणून वाचला. फसवं असं, की काही तासांनी कुत्रं सुधारल्यासारखं दिसतं आणि आत किडनीचं काम चालूच राहतं. तेव्हा चाटलं असं नुसतं वाटलं तरी वाट बघायची नाही. तेव्हापासून माझ्या पद्मिनीत साधं पाणी आणि डिकीत दोन कॅन. गंज लागतो, तो मी सोसतो.

त्या कॅनमधलं पाणी शेरूचंही आहे, हे लक्षात ठेवून भरा. पाच लिटर गाडीला, पाच लिटर त्याला. आणि गाडीच्या कॅनमध्ये पूर्वी कूलंट कालवलं असेल तर त्याला हात लावू नका. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबायला लागली, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली, पाय लटपटले, तर गाडी गेली खड्ड्यात. आधी सावली, मग साधं पाणी अंगावर, पोटावर, मांड्यांच्या आत, आणि पुठ्ठ्याने वारा. बर्फ नको. थोडं थंड झाल्यावर सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडे, मिळेल त्या वाहनाने.

रस्त्याबद्दल. भोरपासून नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेने जाणारा टप्पा फियाटसाठी केलेला आहे असं वाटावं इतका छान आहे. पण घाटमाथ्यावर भजी-चहाच्या टपऱ्या आहेत आणि तिथे माकडं आहेत, तेव्हा भजी गाडीत बसून खाऊ नका. पुढचा उतार तीव्र आहे. दुसऱ्या गिअरमध्येच उतरा आणि मध्ये एकदा ब्रेक थंड होऊ द्या. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट अनेकदा बंद ठेवतात. पहिल्याच वेळी मी तुमच्या जागी असतो तर ताम्हिणीने गेलो असतो. वळसा पडतो, पण चढ-उतार सौम्य, झाडी जास्त, आणि थांबायला सावलीच्या जागा भरपूर. पहाटे साडेपाचला निघा, नऊ-साडेनऊपर्यंत खाली पोहोचा. मार्च ते मे तर दिवसा नकोच. कोकणात गवतात आणि कातळावर फिरवून आणलंत की रात्री कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. गोचीडतापाने गेलेली कुत्री मी उन्हाने गेलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत. गावातली कुत्री पाहुण्याला वेढा घालतात, तेव्हा रेबीजची लस चालू वर्षाची असू द्या.

आणि हे सगळं एकदम घाटात करू नका. पहिले चार दिवस इंजिन बंद, शेरू मागच्या सीटवर, तुम्ही पुढे पेपर वाचत. मग इंजिन चालू, गाडी जागेवर. मग खडकवासल्यापर्यंत. जुन्या गाडीचा पेट्रोलचा वास, गिअरची घरघर, पत्र्याचा खडखडाट, हे नव्या गाडीत वाढलेल्या कुत्र्याला नवीन असतं. निघण्याआधी सहा-सात तास खायला नाही, पाणी चालेल. तरीही दर वेळी ओकत असेल तर डॉक्टर गोळी देतात. माणसांची गोळी अंदाजाने मोडून देऊ नका.

राहिलं सीट कव्हर. रेक्झिनचं घेऊ नका. उन्हात तापतं आणि वळणावर कुत्रं त्यावरून साबणासारखं घसरतं. घसरलं की घाबरतं, घाबरलं की नखं रोवतं, आणि तुमच्या नव्या सीटच्या खालचा काथ्या बाहेर येतो. मी घोंगडी वापरतो. साधी, धनगरी, काळी. पकड चांगली, तापत नाही, ओली झाली तरी ऊब देते, आणि केस तिच्यात असे मिसळतात की दिसतच नाहीत. दोन टोकं सीटच्या पाठीमागे खोचायची आणि बोल्टच्या जागी एक चीर द्यायची. चीर देताना बायको घरात नाही ना, तेवढं बघा. आमच्याकडची घोंगडी तिच्या माहेरची होती.